झोपाळ्याची फळी

यंदा मे महिन्यात गावी गेले, तर ओटीवरचा झोपाळा उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेला. मागच्या कडीपाशी फळीला आरपार चीर गेली होती. आईने फोनवर सांगितलं नव्हतं. "सांगून काय, पुण्याहून येऊन धरून ठेवणार होतीस?" दुसऱ्या दिवशी आबा सुतार नवी फळी घेऊन आले. टेम्पो अंगणात लागला तशी मी सवयीने दुसरं टोक धरायला पुढे झाले. जुनी फळी उतरवायची म्हणजे दोन माणसांचं काम. गणपतीआधी रंग काढायला ती खाली घेताना बाबा आणि काका "हं, हळू, बोटं सांभाळ" करत अर्धी ओटी दणाणून सोडायचे. आबांचा मुलगा मात्र नवी फळी एकट्याने डोक्यावर घेऊन पायऱ्या चढून आला. मापं तीच: पाच फूट बाय दोन फूट, जाडी दीड इंच. लाकूडही सागच. मी एक टोक उचललं आणि हात नको तितका वर गेला. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे जमीनच लागावी, तसं काहीसं झालं. आबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी जुन्या फळीवर अंगठ्याचं नख रोवलं, काही उमटलं नाही. नव्या फळीच्या पांढुरक्या कडेवर रोवलं, तर बारीकशी चंद्रकोर उमटली.

"घाईत वाढल्यालं लाकूड हाय ताई," म्हणाले, आणि कड्यांच्या भोकांची मापं घ्यायला लागले.

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी दोन्ही फळ्या टेम्पोत घालून मी काजूबीच्या व्यापाऱ्याकडे नेल्या. त्याचा काटा मोठा. "बियांचा भाव लावू की लाकडाचा?" असं विचारून त्याने मनापासून हसून घेतलं, पण वजन करून दिलं. जुनी साडेबावीस किलो, नवी अठराला थोडी कमी. मग त्याच्याच ट्यूबलाइटखाली बसून मी फळ्यांच्या टोकांवरच्या वर्तुळांच्या रेषा मोजल्या. सागाची वार्षिक वर्तुळं उघड्या डोळ्यांनी दिसतात. जुन्या फळीत एका इंचात अकरा रेषा होत्या, काही ठिकाणी इतक्या दाट की नखाने वेगळ्या करून मोजाव्या लागल्या. नव्या फळीत इंचाला तीन. शिवाय नवी फळी अखंड नाहीच. तीन तुकडे फेव्हिकॉलने जोडून दोन फूट केलेले, कारण इतक्या रुंदीचं खोड आता परवडत नाही आणि मिळतही नाही. आजोबांनी झोपाळा केला तो १९५१ साली. इंचाला अकरा रेषा आणि दोन फुटांची अखंड रुंदी, म्हणजे झाड तोडलं तेव्हा शंभरी ओलांडलेलं असणार.

एका फळीवरून सिद्धान्त मांडायचा मोह आवरायला हवा, हे मला कळतं. आबांच्या मते सगळा दोष युरियाचा आणि ठिबकचा. मला तसं वाटत नाही. नवी फळी कोवळ्या झाडाची आहे. कोवळ्या झाडात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त, आतला तेलकट गाभा कमी, म्हणून नख उमटतं. साग जोमाने वाढला की हलका होतोच, असंही नाही. या फळीपुरता तरी दोष झाडाच्या वयाचा. पण घाई हा शब्द मात्र त्यांनी बरोबर जागी ठेवला होता. मी गेली काही वर्षं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल आणि झाडांबद्दल जे काही वाचत होते, ते सगळं या शब्दापाशी येऊन अडलं.

लाकूड येतं कुठून, इथपासून सुरू करावं लागेल. लहानपणी मला वाटायचं की झाड मातीच खातं. आंब्याचा एवढा मोठा बुंधा उभा राहिला म्हणजे तेवढी माती कुठेतरी कमी झाली असणार, म्हणून मी आमच्या रायवळाच्या मुळाशी खड्डा पडलाय का ते पाहायचे. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ यान व्हान हेल्माँट नावाच्या माणसाला हीच शंका आली. त्याने कुंडीत २०० पौंड कोरडी माती घातली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. विलो म्हणजे तिकडचं भराभर वाढणारं झाड. ५ वर्षांनी झाड भरलं १६९ पौंडांवर. माती वाळवून तोलली, तर जेमतेम २ औंस कमी. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. चुकला, पण किती थोडक्यात चुकला! झाड हवा खात असेल हे त्याच्या ध्यानात आलं नाही. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द जगाला देणारा माणूसही तोच.

वाळलेल्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं, आणि तो सगळा हवेतून आलेला. त्या रात्री वीज गेली होती, म्हणून मोबाइलवर हिशेब करत बसले. साडेबावीस किलोतला ओलावा वजा केला तर उरतात वीसेक किलो. त्यात कार्बन दहा किलो. तो हवेतून उचलायला झाडाने सुमारे सदतीस किलो कार्बन डायऑक्साइड घेतला असणार. त्या काळच्या हवेत हा वायू दर दहा लाख भागांत तीनशेच्या आसपास, म्हणजे एका घनमीटर हवेत अर्धा ग्रॅम. आमच्या माजघरासारखी हजार-चौदाशे माजघरं भरतील एवढ्या हवेतून कण न् कण वेचून ही एक फळी झाली. तिच्यावर बसून मी पाढे पाठ केले, तापात पडून राहिले, दहावीचा निकाल ऐकला. ती हवा बरीचशी माझ्या आजोबांच्याही जन्माआधीची. चार पितळी कड्यांना टांगलेली, आणि इतकी वर्षं मोकळी न झालेली.

हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा दर दहा लाख भागांत ३१५च्या आसपास होता. २०१३च्या मे महिन्यात त्याने ४०० ओलांडले, आता तो ४२०च्याही वर आहे. म्हणजे नव्या फळीच्या झाडाला जुन्या फळीच्या झाडापेक्षा जवळजवळ एकतृतीयांश जास्त अन्न हवेत आयतं मिळालं. पानात हे अन्न पकडणारं रुबिस्को नावाचं एक प्रथिन असतं. पंगतीत एखादा वाढपी असतो ना, कामाला संथ, आणि वर गोंधळलेला, भाताच्या जागी ताक वाढणारा, तसा हा. कार्बन डायऑक्साइडच्या जागी चुकून ऑक्सिजन उचलतो, मग ती चूक निस्तरण्यात झाडाची मिळकत वाया जाते. हवेत कार्बन वाढला की त्याच्या चुका कमी होतात. शिवाय पानांची रंध्रं थोडी मिटून घेतली तरी पोट भरतं, त्यामुळे पाणीही वाचतं. ऊस, ज्वारी, मका यांनी या वाढप्याला वेगळ्या खोलीत बसवून त्याचा गोंधळ केव्हाच मिटवलाय, त्यांना या वाढीव अन्नाचं फारसं कौतुक नाही. झाडं मात्र जवळपास सगळी जुन्या पद्धतीची. त्यामुळे हिशेबाने झाडांची चैन व्हायला हवी.

आणि सुरुवातीला होतेही.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे स्वीटगम या झपाट्याने वाढणाऱ्या झाडांच्या लागवडीभोवती नळ्यांची वर्तुळं उभी केली होती. वारा कुठून येतो ते पाहून त्या बाजूने कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे झाडं उघड्या रानातच राहतात, पण त्यांच्यापुरती हवा पन्नास वर्षं पुढची होते. मला ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी वाटते. दहा पावलांवरच्या झाडाला आजची हवा, आणि याला आपल्या नातवंडांची. पहिली काही वर्षं त्या झाडांची वाढ साध्या हवेतल्या झाडांपेक्षा २४ टक्क्यांनी जास्त भरली. २००८पर्यंत ती आघाडी ९ टक्क्यांवर उतरली होती. मातीतलं नत्र पुरेनासं झालं. झाडांनी जास्तीचा कार्बन नत्र शोधायला बारीक मुळांमध्ये घातला, खोडात नव्हे. ही मुळं अल्पजीवी, मेली की कुजतात. नत्र, स्फुरद, पालाश ही तिन्ही नावं आमच्या गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. नुसत्या भातावर पोरगं वाढत नाही, आमटीही लागते, हे सांगायला इतकी वर्षं नळ्या लावायची काय गरज, असं आई म्हणाली असती. पण मोजल्याशिवाय २४ आणि ९ हे आकडे कळले नसते, हेही आहे.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या रानात अशाच प्रयोगात पाइनची झाडं होती. तिथे वाढ बरीच टिकली. मला लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. जास्त कार्बन मिळालेली झाडं वयात लवकर आली. फळायला लागण्याची शक्यता त्यांच्यात दुप्पट, आणि शंकू व बिया तिप्पट. त्याच रानातली पॉइझन आयव्ही नावाची वेल, आपल्या खाजकुइलीसारखी अंगाची आग करणारी, ती तर नुसती फोफावली नाही, तिचं विषही जास्त जहाल झालं. कार्बनला झाड आणि तण यांत फरक कळत नाही, हे साधंच आहे, पण वाचताना हसू आलं आणि मग आलं नाही.

तिसरा प्रयोग मला जवळचा वाटतो. सिडनीजवळ रिचमंड इथे २०१२ साली नीलगिरीच्या मोठ्या, नैसर्गिक रानात हेच सुरू झालं. तिथलं मुख्य झाड युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस. आपल्या देशावरच्या बांधाबांधांवर सरळसोट उभी असलेली 'म्हैसूर' नीलगिरी मुख्यतः याच जातीची. माझ्या आत्याच्या शेतावर तिची रांग होती, सोललेल्या सालींचा ढीग आणि सर्दीच्या औषधाचा वास, असं ते शेत मला आठवतं. सिडनीच्या नीलगिरींनी वाढीव हवेतून १२ टक्के जास्त कार्बन पानांत घेतला. आणि खोडं? खोडं तेवढीच राहिली. घेतलेला कार्बन मुळांवाटे मातीत उतरला आणि मातीतल्या जिवाणूंनी, बुरशींनी श्वासावाटे हवेला परत केला. त्या मातीत स्फुरद फार कमी. आमच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, जांभा असाच, असलेलं स्फुरदही लोहाला घट्ट चिकटून बसलेलं, झाडाच्या हाती लागू न देणारं. खतावर खर्च करून हात टेकलेल्या कलमवाल्यांना विचारा.

तरीही सड्यावर एक झाड भसाभस वाढतं. ऑस्ट्रेलियन बाभूळ, गावात सगळे नुसतं 'अकेशिया' म्हणतात. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाची काळ्या पिशवीतली रोपं शाळेत आली. आम्ही चौथीची पोरं ओळीने सडा चढलो, एकेकाने पाच-पाच खड्ड्यांत रोपं लावली. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू त्याला नत्र हवेतूनच मिळवून देतात, म्हणजे भातही हवेतून आणि आमटीही. मी सातवीत गेले तोवर माझी रोपं माझ्या दुप्पट उंच झाली होती. तो आनंद मी कसा नाकारू? आंब्याची कोय पुरून दहा वर्षं वाट पाहणाऱ्या गावात, लावलं आणि वाढलं असं झाड आम्हाला पहिल्यांदाच भेटलं. आज मला माहीत आहे की सडा ओसाड नव्हता. पावसाळ्यात तिथे कातळावर निळ्या-पिवळ्या फुलांचे गालिचे पडायचे, ते त्या झाडांखाली गेले. खाली पडलेली जाड, कोयत्यासारखी पानं कुजता कुजत नाहीत, त्यातून गवतही डोकं काढत नाही. पण एसटीच्या थांब्यावर दुपारी सावली आहे ती याच झाडाची, दुसऱ्या कुणाची नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा सड्यावरचे अकेशिया काडेपेटीतल्या काड्यांसारखे मधोमध मोडले. आमच्या मागचा किंजळ एक फांदी देऊन उभा राहिला. आईला त्या दिवसाचा आवाज अजून ऐकू येतो, कडाड् असा नव्हे, ओली काकडी मोडावी तसा, एकामागून एक.

मध्य युरोपात १८७०पासून मोजमाप ठेवलेली रानं आहेत. तिथल्या स्प्रूस, पाइन, बीच आणि ओक या झाडांचं लाकूड १९००पासून ८ ते १२ टक्क्यांनी हलकं झाल्याचं २०१८ साली म्युनिकच्या वनशास्त्रज्ञांनी दाखवलं. झाडं पूर्वीपेक्षा भराभर वाढतात, घनफळ वाढतं, पण त्यात माल कमी. याला एकटा कार्बन जबाबदार नाही. लांबलेला उन्हाळा आणि धुरातून मातीत उतरणारं नत्र यांचाही हात त्यात आहे. २०२०मध्ये आणखी एक मोठा अभ्यास आला, ११० जातींच्या २ लाखांहून अधिक वर्तुळनोंदींचा. निष्कर्ष सरळ: ज्यांची लहानपणची वाढ जोरात, ती झाडं लवकर मरतात. थंड प्रदेशात असो वा उष्ण, जात कोणतीही असो. म्हणजे हवेतल्या खुराकाने वाढ वाढली, तरी मरणही अलीकडे येतं, आणि जमा झालेला कार्बन ठरल्या वेळेच्या आधी मोकळा होतो. याला छेद देणारी गोष्टही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या एका रानात १८० वर्षांच्या ओकना २०१७पासून वाढीव कार्बन दिला जातोय, आणि पहिल्या सात वर्षांत त्यांनी सुमारे दहा टक्के जास्त लाकूड धरलं. म्हातारी झाडं वाढत नाहीत म्हणणाऱ्यांना ही चपराक. मला ते वाचून का कोण जाणे, आजोबांची आठवण आली. पंचाहत्तराव्या वर्षी ते मोडी लिहायला शिकले होते.

याच मुक्कामात एक तरुण घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. आमच्या वाट्याचा सडा त्याला भाडेपट्ट्याने हवा होता. भराभर वाढणारी झाडं लावणार, कार्बन क्रेडिट मिळणार, म्हणजे झाडांनी धरलेल्या कार्बनबद्दल विकता येणारं प्रमाणपत्र, आणि त्यात आम्हाला हिस्सा. बोलायला चांगला होता, आईने कोकम सरबत दिलं. एकरी किती झाडं, झाडामागे वर्षाला किती किलो, त्याने बोट फिरवत गुणाकार करून दाखवला. मी विचारलं, किती वर्षांनी तोडणार? पाच-सहा. मग लाकूड कुठे जातं? "पेट्यांना, लगद्याला... मग पुन्हा लावायचं ना मॅडम." आंब्याची पेटी एका हंगामात बंबाखाली जाते, हे त्याला मी सांगितलं नाही. त्याच्या गुणाकारात वाढीचा रकाना होता, मुदतीचा नव्हता. तो गेल्यावर आईने कपाटातून काकांची जुनी पिशवी काढली. नव्वदच्या दशकात काकांनी अशाच एका साग योजनेत पाच हजार भरले होते. रंगीत माहितीपत्रक, वीस वर्षांत लाखाची हमी, आणि प्रमाणपत्रावर त्यांच्या झाडाचा क्रमांक. सेबीचे अशा योजनांबाबतचे नियम १९९९ साली आले, त्याआधीच त्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं होतं. काका हयात असेपर्यंत "माझं झाड असेल तिकडे कुठेतरी" म्हणायचे. अर्ध्या चेष्टेने. क्रमांक त्यांना पाठ होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी झोपाळा टांगला. कड्या त्याच, आढ्याचे हूक तेच, पण आवाज बदललाय. जुनी फळी वळताना खालच्या पट्टीत कण्हायची, नवीचा सूर वर लागतो. आईला फरक पडत नाही म्हणाली. मग दहा मिनिटं बसून उठली, आणि जुन्या फळीचं काय करायचं ते ठरवायला लागली. तिचा पहिला विचार पाणचुलीचा होता. "सुकं खणखणीत लाकूड, आठ दिवस पाणी तापेल." मी इतक्या जोरात नाही म्हणाले की आबांनी करवत खाली ठेवली. सदतीस किलोचा हिशेब तिला सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या आजोबांच्या वेळची हवा धुराड्यातून जाईल. बरं मग?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

शेवटी तडजोड झाली. चांगल्या भागाचे आबांनी चार पाट काढले. रंधा मारल्यावर आतून मधासारखा रंग निघाला, आणि तेलकट, कोऱ्या चामड्यासारखा वास पडवीभर पसरला, पाऊणशे वर्षांनंतरही. चीर गेलेला तुकडा आणि ढलप्या मिळून चारेक किलो उरल्या. त्या पाणचुलीपाशी रचल्या गेल्या, आणि या वेळी मी काही बोलले नाही. सकाळी उठले तेव्हा मागच्या दारी जाळ धरला होता. सागाचा धूर डोळ्यांना फार झोंबत नाही. तो धुराड्यातून निघाला, किंजळाच्या फांद्यांत थोडा अडकला, मग सड्याच्या बाजूला गेला, जिथे मोडलेल्या अकेशियांच्या खुंटांना आता पुरुषभर उंच नवे कोंब आलेत. मी तिथेच पायरीवर बसून राहिले होते. आतून आईची हाक आली, "पाणी कधीचं तापलंय, निवायची वाट बघत्येस का?"